बंद मोटारीतला मुका जीव : करुणा आणि कायदा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचे शब्दांकन)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवात जीवदयेवर एक व्याख्यान असावे, यात नवल ते काय? जीवदया म्हटली की पांजरपोळ, पाणपोई, पक्ष्यांसाठी बांधलेला चबुतरा ही कार्ये डोळ्यांपुढे येतात. आजचा विषय त्याच कुळातला आहे, मात्र तो नव्या काळाने निर्माण केला आहे. भर उन्हात एक मोटार उभी आहे. काचा बंद, दारे कुलूपबंद. आत एक कुत्रा जीभ बाहेर टाकून धापा टाकतो आहे. मालकाचा पत्ता नाही. बाहेर एक वाटसरू हातात दगड घेऊन उभा आहे. काच फोडावी तर ती दुसऱ्याची मालमत्ता. न फोडावी तर आतला जीव डोळ्यांदेखत जातो. या वाटसरूच्या पाठीशी कायदा उभा राहतो काय, आणि राहत असेल तर कोणत्या अटींवर, एवढाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

या प्रश्नाला स्वतंत्र कायद्याने उत्तर देण्याचा मोठा प्रयत्न अमेरिकेत झाला. तेथे मोटारीवाचून घराबाहेर पडणे कठीण, आणि घरातला कुत्रा बहुधा मोटारीतूनच बरोबर येतो. समाजातील अनेक कुटुंबांची मुले-मुली आज त्या देशात स्थायिक आहेत. तेव्हा तेथील कायद्याची माहिती केवळ कुतूहलापुरती नाही. शिवाय आता येथेही घरोघरी मोटारी आल्या आहेत आणि पाळीव कुत्र्यामांजरांची संख्या वाढते आहे. तेथला प्रश्न येथे येऊन पोहोचला आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. बंद मोटार उन्हात किती तापते, याची कल्पना फार थोड्यांना असते. अमेरिकेतील संशोधकांनी केलेला एक अभ्यास २००५ साली बालरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बाहेर अवघे २२ अंश सेल्सिअस तापमान असताना, म्हणजे ज्याला सुखद हवा म्हणतात अशा दिवशी, बंद मोटारीच्या आतील तापमान तासाभरात सुमारे ४७ अंशांपर्यंत जाऊ शकते, असे त्यात आढळले. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, यातील सुमारे ऐंशी टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. खिडकीची काच बोटभर खाली ठेवली तरी फारसा फरक पडत नाही. ऊन काचेतून आत शिरते, आसने आणि पुढचा फलक तापवते, आणि ती उष्णता आतच कोंडून राहते. सुखद हवेच्या दिवशी ही अवस्था, तर विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा काय होत असेल, याचा हिशेब प्रत्येकाने मनाशी करावा.

माणसाला घाम येतो आणि त्या घामाने अंग निवते. कुत्र्याला ही सोय जवळजवळ नाही. त्याच्या केवळ पंजांच्या तळव्यांना थोडा घाम येतो. तो धापा टाकून, तोंडावाटे ओलावा उडवून अंगातली उष्णता बाहेर टाकतो. पण भोवतालची हवाच तापलेली आणि दमट झाली की धापा टाकण्याचा उपयोग उरत नाही. कुत्र्याच्या शरीराचे स्वाभाविक तापमान साधारण साडेअडतीस अंश असते. ते ४१ अंशांच्या वर गेले की उष्माघात होतो आणि मेंदू, मूत्रपिंड, यकृत यांना इजा होऊ लागते. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या जातींना तर हा धोका अधिक लवकर गाठतो. असा जीव ओरडून सांगू शकत नाही आणि दाराची कडीही काढू शकत नाही.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. ज्या मालकाचा कुत्रा असा मोटारीत तडफडतो, तो मालक बहुतेक वेळा क्रूर नसतो. उलट त्या जीवावर त्याचे प्रेम असते, म्हणूनच तो त्याला बरोबर घेऊन निघालेला असतो. 'पाच मिनिटांत येतो' असे म्हणून तो दुकानात शिरतो. दुकानात रांग असते, ओळखीचे कोणी भेटते, पाच मिनिटांची पंचवीस मिनिटे होतात. याला क्रौर्य म्हणता येणार नाही, याचे नाव प्रमाद. जैन आचारशास्त्राने हिंसेच्या विचारात द्वेषाइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, प्रमादाला महत्त्व दिले ते का, हे अशा प्रसंगी उमगते. मारण्याची इच्छा कोणाचीच नव्हती, तरी जीव गेला.

आता बाहेरच्या वाटसरूकडे वळू. त्याच्या मनात दया असते. नसते ती निर्भयता. मालक परत येऊन भांडेल, पोलिसांत तक्रार करील, काचेची भरपाई मागेल, मोटार फोडून चोरी करू पाहणारा म्हणून आळ घेईल, या भीतीने उचललेला हात खाली येतो. दयेचा झरा आटल्यामुळे जेवढे जीव जात असतील, त्याहून अधिक या भीतीमुळे जात असावेत. अमेरिकेतील राज्यांनी कायदा केला तो नेमक्या या भीतीवर.

टेनेसी राज्याने यात पुढाकार घेतला. मोटारीत अडकलेल्या मुलाला वाचविण्यासाठी काच फोडणाऱ्याला तेथे आधीच संरक्षण होते; २०१५ साली तेच संरक्षण प्राण्याला वाचविणाऱ्यासही देण्यात आले. पाठोपाठ विस्कॉन्सिन, फ्लोरिडा, ओहायो, मॅसॅच्युसेट्स अशा राज्यांनी कायदे केले. आज अशा राज्यांची संख्या डझनाहून अधिक आहे. काही राज्यांनी मात्र काच फोडण्याचा अधिकार पोलीस, अग्निशमन दल आणि प्राणी-नियंत्रण अधिकारी यांच्यापुरताच मर्यादित ठेवला. म्हणून त्या देशात राहणाऱ्यांनी आपल्या राज्याचा नियम आधी माहीत करून घ्यावा. एका राज्यात जे कृत्य संरक्षित आहे, ते शेजारच्या राज्यात तसे असेलच असे नाही.

या सर्वांत कॅलिफोर्नियाचा कायदा विशेष अभ्यासण्याजोगा आहे. तेथे उष्णता, थंडी, अपुरी हवा किंवा अन्नपाण्याचा अभाव यांमुळे धोका होईल अशा रीतीने प्राण्याला मोटारीत एकटे सोडणे हा २००७ सालापासून दंडनीय अपराध आहे. परंतु सामान्य नागरिकाने काय करावे, हे त्यात नव्हते. सप्टेंबर २०१६ मध्ये तेथील राज्यपालांनी नव्या कायद्यावर स्वाक्षरी केली आणि १ जानेवारी २०१७ पासून तो अमलात आला. त्याने सामान्य नागरिकाला हात दिला, पण त्या हाताला सहा बंधनेही घातली.

पहिले बंधन असे की, मोटार कुलूपबंद आहे आणि प्राण्याला बाहेर काढण्याचा दुसरा कोणताही वाजवी मार्ग नाही, याची खात्री करून घेतली पाहिजे. काच फोडण्यापूर्वी चारही दारे ओढून पाहावीत, एवढी साधी ही गोष्ट आहे. घाईत नेमकी तीच राहून जाते. दुसरे, आतील प्राणी तत्काळ धोक्यात आहे असा सद्भावनेने आणि परिस्थिती पाहून विश्वास वाटला पाहिजे. तिसरे, काच फोडण्याआधी पोलीस, अग्निशमन दल, प्राणी-नियंत्रण विभाग किंवा ९११ या आपत्कालीन क्रमांकाला कळविले पाहिजे. चौथे, प्राण्याला बाहेर काढल्यावर सुरक्षित जागी, पण मोटारीच्या जवळच, अधिकारी येईपर्यंत त्याच्यासोबत थांबले पाहिजे. पाचवे, गरजेपेक्षा जास्त बळ वापरता कामा नये. सहावे, अधिकारी येताच प्राणी त्यांच्या स्वाधीन केला पाहिजे.

या सहा अटी पाळणाऱ्यावर मोटारीच्या नुकसानभरपाईचा दावा चालत नाही आणि फौजदारी जबाबदारीही येत नाही. वरवर पाहता या अटी म्हणजे कागदी घोडे वाटतील. वस्तुतः त्या प्रत्येकीमागे एक विचार आहे. आधी कळवा, म्हणजे कृत्य चोरून झालेले राहत नाही. जवळ थांबा, म्हणजे पळून गेल्याचा आळ येत नाही. गरजेपुरतेच बळ वापरा, म्हणजे दयेच्या पांघरुणाखाली रागाला वाट मिळत नाही. स्वाधीन करा, म्हणजे वाचविलेला जीव 'माझा' होत नाही. संयमाशिवाय दया आंधळी होते, हे धर्माने सांगितले. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तेच कलमांच्या भाषेत मांडले, असे म्हणता येईल.

इंडियाना राज्याचा मार्ग याहून वेगळा, आणि व्यापारी मनाला विचार करायला लावणारा आहे. २०१७ च्या तेथील कायद्याने काच फोडणाऱ्याला संरक्षण दिले, पण दुरुस्तीचा निम्मा खर्च त्याच्याकडेच ठेवला. मालकाने तो माफ केला तर गोष्ट वेगळी. कोणी म्हणेल, हा अन्याय झाला. प्रमाद मालकाचा आणि भुर्दंड वाचविणाऱ्याला! दुसरा म्हणेल, निम्मा खर्च अंगावर आहे हे ठाऊक असले म्हणजे माणूस उगाच काच फोडत नाही. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण खतावणीत हा व्यवहार मांडून पाहावा. एका बाजूला काचेची किंमत आहे. तिचे बिल येते, विमा मिळू शकतो, दुसऱ्या दिवशी नवी काच बसते. दुसऱ्या बाजूच्या रकान्यात जीव आहे. त्याचे बिल कोणी देऊ शकत नाही आणि तो परत बसविताही येत नाही. दयेची एवढी किंमत मोजावी लागणार असेल, तर निम्मीच काय, पूर्ण काचही महाग नाही.

इंग्लंडमध्ये या प्रसंगासाठी असा स्वतंत्र संरक्षक कायदा नाही. तेथे १९७१ च्या मालमत्ता-नुकसानविषयक कायद्यातील 'कायदेशीर सबब' या तत्त्वाचा आधार घेतला जातो. मालकाला परिस्थिती ठाऊक असती तर त्याने स्वतःच काच फोडण्यास संमती दिली असती, असा प्रामाणिक विश्वास काच फोडणाऱ्याला होता, असे तो न्यायालयात मांडू शकतो. किती मार्मिक विचार आहे हा! बहुतेक मालक प्रेमळ पण बेसावध असतात, हे त्यात गृहीत धरले आहे. तेथील प्राणिरक्षक संस्था नागरिकांना सांगते की, आधी ९९९ ला कळवा, छायाचित्रे काढा, साक्षीदारांची नावे घ्या, कारण पुढे न्यायालयात कृत्याचे समर्थन करावे लागू शकते.

आता भारतातील स्थिती. रस्त्यावरील अपघातग्रस्त माणसाला मदत करणाऱ्यास सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशाने आणि पुढे मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने स्पष्ट संरक्षण मिळाले. हे संरक्षण माणसाला मदत करणाऱ्याचे आहे. मोटारीत कोंडलेल्या प्राण्यासाठी काच फोडणाऱ्याला असे नाव घेऊन दिलेले संरक्षण भारतात नाही. पण म्हणून तो अगदी निराधार आहे असेही नाही.

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम १९ मध्ये, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या कलम ८१ मध्ये होते तेच तत्त्व आहे : गुन्हेगारी हेतू नसताना, सद्भावनेने, व्यक्तीची किंवा मालमत्तेची दुसरी हानी टाळण्यासाठी केलेले कृत्य, त्यातून नुकसान होईल हे ठाऊक असले तरी, केवळ तेवढ्यामुळे अपराध ठरत नाही. मोठ्या आगीत ती पसरू नये म्हणून घरे पाडणाऱ्या माणसाचे उदाहरण कायद्यानेच दिले आहे. जो आगीत घर पाडू शकतो, त्याला काच फोडण्याचे समर्थन मांडता येईल. यात एक विसंगती मात्र मनाला टोचते. कुत्र्याला कायदा 'व्यक्ती' मानत नाही. म्हणून त्याचा जीव वाचविण्याचा बचाव तो मालकाची 'मालमत्ता' आहे, या आधारावर मांडावा लागतो. शिवाय हा बचाव आहे, अभय नव्हे. तक्रार झालीच तर तो न्यायालयापुढे सिद्ध करावा लागेल. आणि 'सद्भावना' याचा कायद्यातील अर्थ नुसती चांगली इच्छा असा नसून, योग्य काळजी आणि लक्ष देऊन केलेले कृत्य असा आहे. कॅलिफोर्नियाच्या सहा अटी येथे लागू नाहीत, तरी त्या पाळणाऱ्याला आपली सद्भावना दाखवून देणे सोपे जाईल.

मालकाच्या बाजूने पाहता, प्राण्यांचा छळ प्रतिबंधक कायदा १९६० सालापासून आहे. त्याच्या कलम ३ ने प्राणी बाळगणाऱ्यावर त्याच्या कल्याणाची जबाबदारी टाकली आहे, आणि कलम ११ ने छळाचे प्रकार सांगितले आहेत. प्राण्याला मारणे, त्याच्यावर अतिभार लादणे, अपुऱ्या जागेत कोंडणे, वाहनातून यातना होतील असे नेणे, अन्न-पाणी-निवारा न देणे, अवयव तोडणे, हे सारे त्यात आहे. हे कलम वाचताना कोणाही स्वाध्यायी श्रावकाला ओळखीचे काही दिसेल. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार लहानपणापासून पाठशाळेत शिकविले जातात : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. संसदेने १९६० मध्ये जे प्रकार लिहिले, त्यांतील मुख्य मुख्य गोष्टी श्रावकाचारात शतकानुशतके लिहिलेल्या आहेत. उन्हात बंद केलेली मोटार म्हणजे बंध आणि अन्नपाननिरोध हे दोन अतिचार एकाच ठिकाणी. फरक आहे तो दंडात. १९८२ च्या दुरुस्तीनंतरही या कायद्यात पहिल्या अपराधाचा कमाल दंड ५० रुपयेच राहिला, आणि अशा कोंडण्याच्या प्रकारात पोलिसांना वॉरंटाशिवाय अटक करता येत नाही, अशी त्याची रचना राहिली. काचेची किंमत हजारांत आणि जीवाच्या छळाची किंमत पन्नास रुपये! कायद्याच्या तराजूतील ही तफावत दूर व्हावी, ही मागणी जीवदयेचे काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेने केली पाहिजे.

संविधान मात्र या बाबतीत उणे नाही. कलम ५१-अ ने सजीव प्राण्यांविषयी करुणा बाळगणे हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती आणि जल्लिकट्टू यांविषयीच्या निकालात या कर्तव्याचा आधार घेऊन प्राण्यांच्या प्रतिष्ठेचा उल्लेख केला. पुढे राज्यांनी कायदे बदलले आणि २०२३ मध्ये त्याच न्यायालयाच्या घटनापीठाने ते बदल मान्य केले; तरीही करुणेचे हे कर्तव्य संविधानात जसेच्या तसे आहे.

या भूमीत हा विचार नवा नाही. १८३२ साली मुंबईत सरकारच्या हुकमाने रस्त्यावरील कुत्री मारली जाऊ लागली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, हिंदू आणि जैनही त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि शहराचा व्यवहार ठप्प झाला. त्यानंतर दोनच वर्षांत, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि मोतीशा शेठ यांच्या पुढाकाराने मुंबईचे पांजरपोळ उभे राहिले. एक पारशी, एक जैन, दोघेही व्यापारी. त्यांनी केवळ निषेध केला नाही. मुक्या जीवांना जागा दिली आणि तिच्या खर्चाची कायमची तरतूद केली. प्राण्यांचा छळ प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३५ मध्ये सुटका झालेले जनावर पाठविण्याचे ठिकाण म्हणून आज 'पांजरपोळ' हा शब्द आला आहे. समाजाची प्रथा कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसल्याचे हे बोलके उदाहरण आहे.

मग आज प्रत्यक्षात काय करावे? अनोळखी मोटारीत असा जीव दिसला तर प्रथम नीट पाहावे. अलीकडच्या काही मोटारींत मालक नसतानाही आतील हवा थंड ठेवण्याची सोय असते. टेस्ला कंपनीने २०१९ मध्ये कुत्र्यांसाठीच अशी व्यवस्था आणली आणि आतील तापमान पडद्यावर दिसेल असे केले. प्राणी शांत बसलेला असेल तर घाई नको. तो जोराने धापा टाकत असेल, लाळ गळत असेल, झोकांड्या खात असेल किंवा निपचित पडला असेल, तर मात्र एक क्षणही दवडू नये. मंगल कार्यालय किंवा दुकानांचे संकुल जवळ असेल तर ध्वनिक्षेपकावरून मोटारीचा क्रमांक पुकारावा. निम्मे प्रसंग तेथेच मिटावेत. त्याच वेळी ११२ ला कळवावे, दोन साक्षीदार सोबत घ्यावेत, वेळ दिसेल असे छायाचित्र काढावे. काही केल्या मालक येत नाही, मदत पोहोचत नाही आणि जीव जातो आहे असे दिसले, तरच प्राण्यापासून सर्वांत दूरची बाजूची काच फोडावी. समोरची नव्हे, ती सहजी फुटतही नाही. बाहेर काढल्यावर प्राण्याला सावलीत न्यावे, अंगावर साधे गार पाणी ओतावे, वारा घालावा, पाणी थोडे थोडे प्यायला द्यावे, आणि तो सावरल्यासारखा दिसला तरी पशुवैद्याकडे न्यावेच, कारण आतील इजा उशिरा प्रकट होते. मालक आला तर त्याच्याशी वाद घालू नये. त्याचा जीव वाचला आहे, हे त्याला शांतपणे सांगावे. आणि शक्य असेल तर काचेचा खर्च देऊ करावा. दान अनेक प्रकारचे असते. त्यात हे अभयदान ठरेल.

संस्थेपुरते बोलायचे तर धर्मशाळा आणि सभागृह यांच्या वाहनतळावर एक साधी पाटी लावता येईल : 'मोटारीत मूल किंवा प्राणी एकटा सोडू नये.' त्याखाली ११२ आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा क्रमांक असावा. पहारेकऱ्याला दर तासाला एक फेरी मारण्यास सांगावे. बरोबर कुत्रा घेऊन आलेल्या पाहुण्यासाठी सावलीची जागा आणि पाण्याचे भांडे ठेवावे. या साऱ्याला खर्च किती येईल? सुवर्णमहोत्सवाच्या अंदाजपत्रकात तो शोधूनही सापडणार नाही, इतका थोडा.

पन्नास वर्षे एखादी संस्था टिकते ती तिच्या इमारतींमुळे नव्हे. तिच्या दाराशी आलेला जीव, मग तो माणसाचा असो वा मुक्याचा, तडफडत परत गेला नाही, यामुळे टिकते. कायदा येईल तेव्हा येईल. तो यावा यासाठी खटपट अवश्य व्हावी. तोपर्यंत काचेच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसाच्या हाती तीन गोष्टी आहेत : डोळे उघडे ठेवणे, पायरीपायरीने वागणे, आणि न घाबरणे. पुढच्या उन्हाळ्यात या सभागृहातील एका जरी श्रोत्याने बंद मोटारीपाशी थांबून आत डोकावून पाहिले, तरी हे व्याख्यान कारणी लागले असे होईल.

जय जिनेंद्र.